अडीच वेटोळी

आमच्या दारावरची घंटा वाजत नाही, पेटते.
मी इथे फोन उचलते, फायली लावते. अकरा वर्षं झाली.
वाल्दिवियातल्या या चौथ्या मजल्यावर
पाटीवर प्रमुखांची नावं दोन,
आणि गुरुवारच्या बैठकीत तोंडं दोन दिशांना.

डॉक्टर हिमेना ओयार्सून हाड कोरते.
हिऱ्याची कणी, वरून पाण्याची बारीक धार,
मिलिमीटरभर पलीकडे चेहऱ्याची नस:
धक्का लागला तर माणूस जन्मभर अर्धाच हसेल.
तिच्या थिएटरात रेडिओ लावत नाहीत.
हाड पातळ होत आलं की ड्रिलचा सूर चढतो म्हणे,
तो तिला चुकवायचा नसतो.
मग अडीच वेटोळ्यांच्या त्या गोगलगायीत
बावीस ठिपक्यांची तार
ती श्वास धरून सरकवते.
तीन तास. हात धुते. तिचं काम संपलं.

आमादोर वेनूमानचं तिथून सुरू होतं, आणि संपत नाही.
त्याचे आईवडील दोघंही बहिरे.
पहिली शिवी तो हातांनी शिकला;
अंगाई अंधारात, पाठीवर, बोटांची.
हिमेना म्हणते, मूल लवकर आणा, मेंदू एकेक दार लावून घेतो.
तो म्हणतो, दारं तुला माहीत आहेत तेवढीच असतात का?
तिला दुसरा मायक्रोस्कोप हवा,
त्याला खुणांची भाषा शिकवणारी बाई.
पैसे एकाच गोष्टीपुरते. तीन वर्षं हेच.
चिडला की त्याचे हात बोलायला लागतात
आणि ती म्हणते, मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोल.

एवाल्दो कार्कामो लाकडाच्या गिरणीतला.
करवतीने आधी त्याचे पक्षी नेले,
मग नातवंडं, मग टेलिफोन, मग बायको,
शेवटी करवतही गेली,
तो नुसते दात फिरताना बघत राहिला.

यंत्र चालू करायच्या दिवशी नोल्फाने लिपस्टिक लावली होती.
लेकीने मोबाइल उभा धरला होता,
तसल्या व्हिडिओंत लोक रडतात ना, म्हणून.
आमादोरने एकेक ठिपका जागा केला. आता? आता?
म्हाताऱ्याचं बोट वर, खाली, वर.
मग नोल्फा म्हणाली, एवाल्दो.
तो म्हणाला, ताटात खिळे कुणी सांडले?
ती परत म्हणाली. तो म्हणाला, आता बदक.
लेकीने मोबाइल खाली घेतला.
नोल्फाने मनगटाने ओठ पुसले.
दारात हिमेना उभी. तिथे तिचं काम नसतं, तरी येते.
आमादोर म्हणाला, बदकच बरोबर.
रोज दोन तास बदक ऐका.

चौथ्या महिन्यात नोल्फाचा फोन: तक्रार आहे, लिहून घ्या.
बारा वर्षं भांडी घासताना मी याला शिव्या पुटपुटत होते,
तेवढाच माझा विसावा.
काल मागून उत्तर आलं.
कानामागून आलं नि तिखट झालं तुमचं यंत्र!
आणि मासळीबाजारात समुद्रसिंह डरकाळला
तर हा त्याच्यावरही ओरडला,
मग घरी येईपर्यंत गप्प. डोळे ओले होते की वारा होता, मला काय ठाऊक.
मी शब्दन् शब्द लिहून घेतला.
आमादोरने तो कागद 'प्रगती'च्या फायलीत लावला.

माझ्या खालच्या खणात एक फॉर्म आहे,
त्याच्या आईचा. शस्त्रक्रियेला नकार.
कारणाच्या रकान्यात: मला कुठे काय कमी आहे?
त्याने तो फायलीत लावला नाही, फाडलाही नाही.

ती गुरुवारी पाव घेऊन येते, गरम, टॉवेलात.
हिमेना दर वेळी 'आभार'ची खूण करते
आणि दर वेळी चुकते.
आज म्हातारीने टोपली माझ्या टेबलावर ठेवली,
हिमेनाचं मनगट धरलं,
एकेक बोट जागेवर बसवलं.
पुन्हा. असं नाही. पुन्हा.
हाडात कधी न हलणारा तो हात
जरासा थरथरला.
आत बैठक खोळंबली होती,
मायक्रोस्कोपचं अजून ठरायचं होतं.
मी पाव कापायला घेतला.